व्हॅनसाठी सुपर ड्यूटीचे जुने अ‍ॅक्सल विकताना

फोर्डने ई-सीरीज व्हॅन कारखान्यातून फोर-व्हील-ड्राइव्ह बनवून कधी विकलीच नाही. त्यामुळे अमेरिकेत ज्यांना ई-३५० डोंगरात न्यायची असते, ते फोर्डच्याच एफ-२५० किंवा एफ-३५० सुपर ड्यूटी ट्रकचा पुढचा डेना ६० (डेना कंपनीचा दणकट अ‍ॅक्सल) शोधत येतात. अपघातात गेलेल्या ट्रकचे सुटे भाग विकताना हे गिऱ्हाईक मला सगळ्यांत चोखंदळ वाटलं, आणि ते रास्तच आहे.

पहिला प्रश्न मॉडेलच्या वर्षाचा. १९९९ ते २००४ चे पुढचे अ‍ॅक्सल पाट्यांच्या स्प्रिंगवर बसतात. २००५ पासून कॉइल स्प्रिंग आणि रेडियस आर्म (अ‍ॅक्सलला चेसिसशी जोडणारे लांब दांडे) आले, गाडी वळायलाही कमी जागा लागू लागली. गिऱ्हाइकाचं व्हॅनला फोर-व्हील करायचं किट यांतल्या कोणत्या प्रकारचं आहे ते आधी विचारायचं. जुन्या एफ-२५० मध्ये त्याहून हलका डेना ५० असतो आणि तो ६० म्हणून सर्रास खपवला जातो. अ‍ॅक्सलच्या नळीवर ठोकलेला नंबर तारेच्या ब्रशने साफ करून त्याचा फोटो टाकला की वाद मिटतो.

मग रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेरीमागे पिनियन (डिफमध्ये शिरणारा दांडा) किती फेऱ्या फिरतो ते. पुढचा-मागचा जुळला नाही तर फोर-व्हीलमध्ये ट्रान्सफर केस (पुढे-मागे ताकद वाटणारी पेटी) ताणाखाली येतो. मागच्या डिफच्या (अ‍ॅक्सलमधल्या डिफरन्शियलच्या) झाकणावरच्या पत्र्याच्या पट्टीवर ‘३ ७३’ असं असतं. मधे ‘एल’ असेल तर लिमिटेड स्लिप, म्हणजे एक चाक मोकळं घसरू न देणारा डिफ. पट्टी बहुतेक वेळा गंजून गळून गेलेली असते. तेव्हा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरचा अ‍ॅक्सल कोड बघावा, पण तोही मधे कुणी गिअर बदलले नसतील तरच खरा. त्यापेक्षा मोजून दाखवलेलं बरं. पिनियनवर खडूची खूण करा, पुढच्या अ‍ॅक्सलचे दोन्ही हब लॉक करा, एक टोक घट्ट धरा आणि दुसरं दोन पूर्ण फेऱ्या फिरवा. पिनियन पावणेचारला किंचित कमी फिरला तर ३.७३, चारच्या थोडा पुढे गेला तर ४.१०. लिमिटेड स्लिपमध्ये हे जमत नाही. तिथे दोन्ही चाकं एकत्र एकच फेरी फिरवायची. याचा व्हिडिओ टाकला की निम्मे फोन वाचतात.

शक्य तोवर पुढचा-मागचा जोडीनेच विकावा. सुपर ड्यूटीच्या चाकाचे आठ बोल्ट १७० मिमीच्या वर्तुळावर, व्हॅनचे साडेसहा इंचांवर, म्हणजे १६५.१ मिमी. नुसता पुढचा घेतला तर व्हॅनला पुढे-मागे दोन तऱ्हेची चाकं आणि स्टेपनीचा घोळ. ट्रकचा मागचा अ‍ॅक्सल, स्टर्लिंग १०.५, सोबत दिला की प्रश्न सुटतो. स्प्रिंगच्या बैठका मात्र कापून नव्याने वेल्ड कराव्या लागतात, हे आधीच सांगायचं. २००५ नंतरच्या ब्रेकवर १६ इंची रिम बसत नाही, १७ लागते. मागे जोडचाकं असलेल्या ट्रकचा अ‍ॅक्सल या कामाला सहसा चालत नाही.

काढताना लोक घाई करतात ती चेसिसकडच्या भागांत. ट्रॅक बार (अ‍ॅक्सल आडवा सरकू न देणारा दांडा), त्याचा चेसिसवरचा ब्रॅकेट, रेडियस आर्म, स्टीअरिंगचे ड्रॅग लिंक आणि टाय रॉड, ब्रेकचे कॅलिपर हे सगळं सोबत असलं की माल पटकन जातो. नुसत्या नळीला भाव नाही. एबीएसची वायर कनेक्टरपाशी सोडवा, पकडीने कापू नका.

ओहायो-मिशिगनकडचा माल असेल तर रस्त्यावरच्या मिठाने हब बेअरिंग नकलमध्ये (अ‍ॅक्सलच्या टोकाला वळणाऱ्या, चाक धरणाऱ्या भागात) इतकं घट्ट धरतं की काढताना फुटतं. ते बाहेर काढून दाखवायच्या फंदात पडू नये. चाक वर-खाली हलवून बॉल जॉइंटची ढिलाई बघावी आणि जे दिसेल ते लिहावं. ट्रॅक बारचं बुशिंग गेलेलं असेल तर तेही. वेगात स्टीअरिंगला बसणारा तो भयानक हादरा बऱ्याचदा तिथूनच सुरू होतो, आणि गिऱ्हाईक दोष अ‍ॅक्सलला देतं.

पाठवायचं असेल तर दोन्ही डिफमधलं तेल पूर्ण काढून झाकण परत बसवा. तेल गळणारा माल ट्रान्सपोर्टवाला फलाटावरूनच परत करतो. ४८ बाय ४० इंचांच्या नेहमीच्या पॅलेटवर अ‍ॅक्सल दोन्हीकडून बाहेर येतो, म्हणून पूर्ण लांबीची लाकडी चौकट ठोकायची, डिफखाली आडवी फळी द्यायची आणि पट्टे नळीवरून घ्यायचे, ब्रेकच्या पाइपवरून नव्हे. घरपोच द्यायचं तर लिफ्टगेटचे (ट्रकमागच्या माल उतरवायच्या फळीचे) पैसे वेगळे लागतात. गिऱ्हाइकाने टर्मिनलवरून पिकअपमध्ये नेलं तर स्वस्त पडतं. तिथे फोर्कलिफ्ट असते. बिलावर मूळ ट्रकचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) लिहून द्यावा, पुढे सील-बेअरिंग मागवताना दुकानदार तोच विचारतो.