वेळेच्या पोटात तारीख: अद्भुत पात्रांची गूढ सूत्रं सोडवताना

फोंड्याच्या आमच्या वाचकगटात अधूनमधून गूढ शब्दकोडं (इंग्रजीतलं क्रिप्टिक क्रॉसवर्ड) फिरतं. यंदा विषय होता अद्भुत कथांतली पात्रं: पुराणं, विक्रम-वेताळ, अरबी सुरस कथा, गुलबकावली आणि मुलांच्या हट्टापायी पॉटर व टोल्किनसुद्धा. अशा कोड्यात ज्यांचं वाचन दांडगं तेच आधी फसतात. पात्र ओळखीचं वाटलं की उत्तर लिहून मोकळे. वाक्य फोडून बघायला धीर कुणाला? मी उलट्या क्रमाने जातो. आधी वाक्याचे तुकडे, मग अक्षरांची जुळणी, आणि पात्र कुठल्या गोष्टीतलं हा विचार सगळ्यांत शेवटी.

आपल्याकडे हुमाण, म्हणजे तोंडी कोडं, घालतात त्यात नुसतं वर्णन असतं, आणि सुचलेलं उत्तर बरोबर की चूक हे घालणाराच सांगतो. गूढ सूत्राचं, म्हणजे अशा कोड्यातल्या इशाऱ्याच्या वाक्याचं, तसं नाही. वाक्याच्या एका टोकाला, सुरुवातीला किंवा शेवटी, उत्तराची सरळ व्याख्या असते. उरलेल्या भागात तेच उत्तर अक्षरांतून बांधायची कृती. दोन्हीकडून एकच शब्द निघाला की उत्तर पक्कं. कंसातला आकडा म्हणजे घरांची संख्या.

हे घ्या: ‘वेळेच्या पोटात तारीख, थोडक्यात, झाडाला लटकणारा (३)’.

घाईचा माणूस ‘झाडाला लटकणारा’ एवढंच वाचतो आणि समंध लिहितो. तीन घरं, बसतं. शेवटचं घर आडव्या शब्दातून ‘ळ’ आलं की तोच माणूस खोडून हडळ लिहितो, तेही बसतं. पण हडळ ‘लटकणारी’ असती. मराठीत व्याख्येचं लिंग उत्तराशी जुळावंच लागतं, आणि ही फुकटात मिळणारी तपासणी बरेच जण वापरत नाहीत. आता कृती बघा. ‘पोटात’ ही खूण: एक शब्द दुसऱ्याच्या आत घाला. कशाच्या पोटात? ‘वेळ’च्या. काय? तारीख, पण ‘थोडक्यात’, म्हणजे पत्रावर लिहितो तो ‘ता.’. वे-ता-ळ. सगळे शब्द कामाला लागले, एकही उरला नाही. गोव्यातल्या माणसाने सूत्र रचलं असेल तर व्याख्या वेगळीही येऊ शकते. लोलये, आमोणे इथे वेताळाची देवळं आहेत, त्यामुळे ‘लोलयेचा देव’ असं आलं तरी विक्रमाच्या खांद्यावरचा तोच समजायचा.

इथे मराठीची एक अडचण दिसते, जी इंग्रजी क्रिप्टिकमध्ये नाही. सूत्रात ‘वेळेच्या’ आहे, हवा आहे ‘वेळ’. प्रत्यय लागताना शब्द सामान्यरूपात जातो, म्हणून प्रत्येक नामाचा प्रत्यय काढून मूळ रूप मी पानाच्या समासात लिहून ठेवतो: बलवानाच्या – बलवान, शहराशेजारी – शहर, तारखेला – तारीख. शेवटचं उदाहरण मुद्दाम दिलंय. ‘तारखे’मधून ‘तारीख’ मिळवताना मधली वेलांटी परत आणावी लागते. आणि प्रत्यय टाकून द्यायचा नाही. ‘वेळेत’मधला एकटा ‘त’सुद्धा ‘आत घाला’ असं सांगत असतो, आणि तो नजरेतून सर्वांत जास्त निसटतो.

घरं मोजताना एक घर म्हणजे एक अक्षर, मात्रेसकट. जोडाक्षर एकच घर, अनुस्वाराला वेगळं घर नाही. विक्रम तीन, सिंदबाद चार, घटोत्कच चार (घ-टो-त्क-च). इंग्रजी कोड्यांची सवय असलेली मुलं ‘त्क’ची दोन घरं मोजतात आणि मग जाळीच चुकली म्हणतात.

अक्षरपालटाची सूत्रं मला सर्वांत आवडतात, कारण त्यात रचणाऱ्याचं कसब उघडं पडतं. या कोड्यातलं अव्वल सूत्र हे: ‘हजार, दश… मोजणीत घोळ घालत गोष्टी लांबवणारी (५)’. खूण ‘घोळ’. ती दिसली की शेजारी बरोबर पाच अक्षरांचा माल शोधायचा: ह-जा-र-द-श. माल मी ओळीत कधीच लिहीत नाही. गोलात लिहितो, म्हणजे मूळ शब्द डोळ्यांना धरून ठेवत नाही. फिरवली की शहरजाद, अरबी सुरस कथा सांगणारी. रात्री एक हजार एक, हजार दहा नव्हेत, म्हणून मोजणीतला घोळही खरा. अक्षरपालटात अक्षर मात्रेसकट हलतं, ‘जा’चा काना सुटून दुसऱ्या अक्षराला लागत नाही. काही रचणारे ही मोकळीक घेतात. माझ्या मते ती लबाडी आहे, कारण मात्रा सुट्या केल्या की कशाचंही काहीही होतं.

मात्रा हलवायची असेल तर तसं सांगून हलवावी. त्याच बाईसाठी दुसरं सूत्र असं होऊ शकतं: ‘शहराशेजारी जादू, उकार गेलेली, रोज रात्री जीव वाचवते (५)’. शहर, मग ‘जादू’तला ऊकार उडवून ‘जाद’. सांगून केलंय, तक्रार नाही.

लपलेला शब्द ओळखायला सोपा, तरी हमखास निसटतो, कारण आपण शब्दामधली मोकळी जागा डोळ्यांनी पाळतो. ‘पंचायतीची कामे नकाशावर दाखवताना मधेच अप्सरा (३)’. का[मे नका]शावर. अशा वेळी सूत्र सगळ्या जागा काढून सलग लिहायचं, मेनका आपोआप दिसते. ‘कामं’ऐवजी ‘कामे’ लिहिलंय हाही इशारा. बोलीतल्या वाक्यात एकच शब्द ग्रांथिक दिसला की तिथे काहीतरी पुरलेलं असतं. याच मेनकेचं जोडसूत्र मला जास्त रुचतं: ‘मे महिन्यात ‘नको’, आदराने, तरी तप मोडलंच तिने (३)’. मे + नका. मे महिन्यात इथल्या उकाड्यात पाहुण्यांना हेच सांगावंसं वाटतं, म्हणून वरवरचा अर्थ इतका पटतो की आपण त्यातच रमतो. रचणाऱ्याला तेच हवं असतं.

एकाक्षरी तुकड्यांची यादी मनात तयार असली की निम्मं काम हलकं होतं. लघुरूपं: ता., डॉ., सौ., कै., रु., मु., पो. सूर म्हटलं की सा ते नी यांपैकी एक. ‘जोर’ किंवा ‘निश्चय’ म्हटलं की ‘च’: ‘चहासोबतच्या बिस्किटावर जोर, सोन्याचं रूप घेणारा (३)’ म्हणजे मारी + च, मारीच. आणि ‘गोव्याची राजधानी’ आली की आधी आजीची आई आठवावी.

दिशेचे शब्द मात्र जपून. ‘बाबांपुढे भुंगा, चाळीस चोरांना पुरून उरलेला (४)’. ‘पुढे’ म्हणजे आधी की नंतर? मराठीत दोन्ही. वाचनाच्या क्रमाने पुढे धरलं तर बाबाअली होतो, जो कुठल्याच गोष्टीत नाही. रांगेत पुढे उभा धरला तर अलीबाबा. म्हणून ‘पुढे’ आणि ‘मागे’ असले की दोन्ही जुळण्या लिहून बघाव्यात. भुंगा म्हणजे संस्कृत अलि, आणि तत्सम शब्दाचा शेवटचा इकार मराठीत दीर्घ लिहितो म्हणून ‘अली’. उलटं वाचायचं सूत्र त्या मानाने सरळ असतं. ‘‘नमवा’च्या उलट, तरी बळीला नमवणारा (३)’: वा-म-न.

दोन घरांची उत्तरं सोपी वाटतात आणि तिथेच गोची होते. ‘केसाच्या बळावर संजीवनी मिळवणारा (२)’. संजीवनी म्हटल्यावर शुक्र डोक्यात येतो, दोन घरांत बसतोही. पण ‘केस’ वाया जातो. केस म्हणजे कच, आणि शुक्राचार्यांकडून विद्या घेऊन गेला तोही कच. नळाचं तसंच: ‘पालिकेचा, पण दमयंतीचाही (२)’. वजाबाकीचा नमुना हवा तर ‘यक्षगानातलं गान संपलं, आता प्रश्न विचारणारा (२)’. ध्वनिसाम्याची सूत्रं मराठीत फारशी चालत नाहीत. आपण बोलतो तसं लिहितो, मग फरक उरतो तो ण-न किंवा श-षचा, आणि त्यावर खेळ उभा राहत नाही.

ऱ्हस्व-दीर्घावरून दर वेळी वाद होतो. ‘हाती मत, आईला चिकटलेलं, सात सवालांसाठी वणवणणारा (५)’. हाती + मत + आई, आणि ‘चिकटलेलं’ सांगतं की ‘मत’चा शेवटचा अ नि ‘आई’चा आ मिसळून ‘मताई’ होतं. पण नाव हातिमताई लिहायचं की हातीमताई? छापलेली दोन्ही सापडतात. अशा घरात मी पेन्सिलीने ‘त’ लिहून वेलांटी सोडून देतो. उभा शब्द आला की ती ठरते.

शब्दाचा अर्थच माहीत नसेल तर कोश उघडण्यात कमीपणा नाही. ‘बलवानाच्या पोटात गेरू, जिच्या फुलाने आंधळ्या राजाला दिसू लागलं (४)’. गेरूला दुसरा शब्द कोणता? आपल्या जुन्या देवळांच्या नि घरांच्या भिंतींवरची कावी चित्रं आठवली तर लगेच सुटतं: काव. बलवान म्हणजे बली, ब-काव-ली. गोव्याबाहेरच्या माणसाला मोल्सवर्थ किंवा दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश लागेल. १९३२ ते १९३८ मधले त्याचे सात खंड आणि १९५० ची पुरवणी. अशा सूत्रांना जुने अर्थ देणारा कोशच हवा, आजच्या खिशातल्या कोशात निम्मे अर्थ गाळलेले असतात. पौराणिक नावांसाठी चित्रावशास्त्र्यांचा प्राचीन चरित्रकोश. लोकदैवतं, व्रतं, प्रथा यांसाठी महादेवशास्त्री जोशींचा दहा खंडांचा भारतीय संस्कृतिकोश. शास्त्रीबुवा गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आंबेड्याचे, त्यामुळे इकडचे संदर्भ त्यात शोधताना हात रिकामा राहत नाही.

परदेशी पात्रांचा भाग मला कच्चा वाटला. नावाची लिपी ठरलेली नसते: गॅन्डाल्फ, गँडाल्फ, गंडाल्फ, घरं तीनच पण पहिली दोन वेगळी. रचणारे सोयीचं रूप निवडतात. टोल्किनच्या ड्रॅगनचं नाव उच्चाराने ‘स्माउग’च्या जवळचं, ते ‘स्मॉग’ लिहून ‘दिल्लीच्या हवेतला ड्रॅगन’ असं सूत्र करणं ही ओढाताण. त्यातल्या त्यात ‘डॉक्टर थोडक्यात, मग बी, मोजा मिळताच सुटलेला (२)’ हे स्वच्छ: डॉ. + बी. हॅरी पॉटर न वाचलेल्यालाही त्यातला डॉबी बांधता येतो, मोजा कुणाचा हे नंतर नातवाला विचारावं.

जाळी भरताना मी पहिल्या क्रमांकापासून सुरू करत नाही. आधी लपलेले शब्द आणि अक्षरपालट, कारण त्यांची उत्तरं सूत्रातच पडलेली असतात. मग जोडसूत्रं. दुहेरी अर्थाची छोटी उत्तरं एकतरी अक्षर छेदून मिळाल्याशिवाय शाईने लिहीत नाही. आणि प्रत्येक उत्तरानंतर सूत्रातला एकेक शब्द खोडत जातो. ‘थोडक्यात’, ‘आदराने’ असा एखादा शब्द न खोडता राहिला, तर उत्तर कितीही शोभत असलं तरी ते पेन्सिलीतच राहतं.

एक सूत्र मी इथे फोडत नाही, गोव्याच्या नि सिंधुदुर्गातल्या वाचकांना ते अवघड जाऊ नये: ‘ईश्वर, मग दोन दुणे, सोरो-रोट घेऊन रात्री गावची शीव राखणारा (४)’.