पावसाची वही

रत्नागिरीत राहून पाऊस मोजायचा म्हटलं की लोकांना आधी हसूच येतं, इथे काय मोजायचंय, दार उघडून बघा की. कौटिल्याचंही साधारण तेच मत असावं. अर्थशास्त्रात त्याने कुठल्या मुलखात वर्षाला किती पाऊस ते दिलंय, कोरड्या जांगल प्रदेशात १६ द्रोण (हे तेव्हाचं माप), अवंतीत म्हणजे उज्जैनकडे २३ द्रोण, आणि अपरान्त म्हणजे आपलं कोकण आलं की आकडाच नाही, सरळ 'अमित' लिहून मोकळा. कोठारात हातभर तोंडाचं कुंड ठेवून पाऊस मोजायला सांगणारा माणूस हा, पण कोकणात त्यानेही हात टेकले.

मी मात्र मोजते. बरीच वर्षं झाली आता, वह्यांचा गठ्ठा झालाय कपाटात. साधन साधंच, वर फनेल, आत बाटली, आणि शेजारी मिलिमीटरच्या रेघा असलेला मोजायचा ग्लास. ते ठेवायचं कुठे हाच काय तो कटकटीचा भाग, कारण झाड किंवा भिंत जेवढी उंच त्याच्या निदान दुप्पट लांब ठेवायला हवं आणि आमच्या आगरात माडांपासून तेवढं लांब जायचं तर माणूस शेजाऱ्याच्या खळ्यात पोचतो. शेवटी विहिरीच्या पलीकडे एक मोकळा तुकडा सापडला. रोज सकाळी साडेआठला जायचं, ही हवामान खात्याचीच वेळ, आदल्या साडेआठपासून आजच्या साडेआठपर्यंत जे पडलं ते आजच्या तारखेला. पाणी ग्लासात ओतायचं, ग्लास डोळ्यासमोर धरायचा, पाणी काचेला कडेने थोडं वर चढलेलं दिसतं ते नाही धरायचं, मधला खोलगट भाग ज्या रेघेला टेकतो तो आकडा. जुलैत एकेका सकाळी ग्लास सात-आठ वेळा भरतो, तेव्हा मोठ्याने मोजत ओतावं लागतं, आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी पाखाडीवरून, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेवरून, हाक मारतं.

पण मला विचाराल तर या सगळ्यात खरी मजा पावसाळ्यात नाहीये. पावसाळ्यात कुणीही मोजेल, उत्सुकताच इतकी असते. जानेवारीत, मार्चमध्ये, आकाश निळंशार असताना तिथे जायचं, फनेलमध्ये कोळ्याने जाळं केलेलं असतं ते काढायचं, एखादं पान अडकलेलं असतं, आणि घरी येऊन वहीत ० लिहायचं. नवरा म्हणतो अगं खिडकीतून बघून पण लिहिता येईल की. येईल, पण मग तो मोजलेला शून्य नाही ना. पर्जन्यमानाच्या हिशोबात शून्य आणि कोरा रकाना या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, शून्य म्हणजे कुणीतरी बघितलं आणि पाऊस नव्हता, कोरा म्हणजे बघायलाच कुणी नव्हतं. लग्नाकार्याला चार दिवस बाहेर गेले तर ते रकाने कोरेच राहतात, आल्यावर बाटलीत जे साठलंय ते चार दिवसांचं मिळून म्हणून लिहायचं, उगाच चाराने भागून वाटून टाकायचं नाही. हे मला फार आवडतं. बाकी आयुष्यात आपण किती कोऱ्या रकान्यांत अंदाजपंचे आकडे भरत असतो.

शेजारच्या काकूंचं माप वेगळं आहे. पऱ्याचं, म्हणजे ओहोळाचं, पाणी पाखाडीच्या कितव्या पायरीला लागलं त्यावर त्यांचा पाऊस ठरतो. तरी पडवीत बसल्या की विचारणार, "आज किती भरला गो?" मी म्हटलं ११८, की त्या म्हणणार, "हॅ, दुसरी पायरी पण नाय भिजली." त्यांच्या आग्रहाने वहीत नक्षत्राच्या वाहनाचा रकानाही आलाय, मृगाला कोल्हा, आर्द्राला म्हैस, जे काय पंचांगात असेल ते. उंदीर आणि हत्ती यांच्यात मला अजून तरी फार फरक सापडलेला नाही, पण हे काकूंना सांगायची सोय नाही.

आता हे का करायचं, आकडे तर खातं देतंच. पण खात्याचा मापक तिकडे, पाऊस इकडे. २६ जुलै २००५ आठवत असेल, सांताक्रूझला ९४४ मिमी आणि त्याच चोवीस तासांत कुलाब्याला ७३. (तो आकडाही खरं तर २७ तारखेच्या सकाळी साडेआठपर्यंतचा आहे, पण आपल्या डोक्यात २६ जुलैच बसलंय.) एकाच शहरात एवढा फरक, मग माझ्या आगरात किती पडला ते दुसरं कोण सांगणार? इंग्लंडमध्ये सायमन्स नावाच्या गृहस्थाने १८६० च्या सुमाराला असेच घरोघरचे मोजणारे जमवायला घेतले, सुरुवातीला १६८ ठिकाणं होती, १९०० मध्ये तो गेला तेव्हा ३ हजारांच्या वर. हौशी माणसं सगळी, पगार नाही, रोज सकाळी आपापल्या परसात. आपल्याकडे कॉलेजच्या पुस्तकांत सायमन्सचा पर्जन्यमापक म्हणून जो शिकवतात तो त्याच्याच नावाचा.

लोक म्हणतात एवढं सातत्य कसं ठेवतेस, मोटिव्हेशन कुठून आणतेस. मी योगाचा क्लास लावला होता, तो महिन्यात सुटला, जर्मन शिकायचं अ‍ॅप रोज आठवण करून करून शेवटी गप्प बसलं, त्यामुळे मी काही फार चिकाटीची बाई नव्हे. यात वेगळं काय आहे तर माझी प्रगती व्हायची नाहीये. पाऊस मी पाडत नाही. काल ९० होता आणि आज ४० यात माझं काही चुकलेलं नाही, कुणाच्या पुढे जायचं नाही, मूड असो नसो पाच मिनिटांचं काम आहे आणि ते आजच करायला लागतं, उद्या दोन दिवसांचं एकदम करू म्हटलं तर दोन्ही दिवस गेले. बास, एवढ्यावर चाललंय. आणि तरी संध्याकाळी कधी जुनी वही उघडली की एक भरलेपण वाटतं, ते काम करून पैसे मिळाल्यावर वाटतं तसलं नाही, वेगळंच.

हिशोब करायचा नाद मात्र लागतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. आमचं छप्पर धरा १०० चौरस मीटर, म्हणजे २०० मिमीच्या एका दिवसात त्यावरून २० हजार लिटर वाहून गेलं. दहा हजारी टँकर दोन. आणि एप्रिल संपता संपता वरच्या वाडीत टँकरच येतो! हे वहीत लिहिलेलं नाही पण वही बघताना दरवेळी डोक्यात येतंच, मागच्या वर्षी निदान एका बाजूची पन्हळ विहिरीकडे वळवून घेतली.

भाची विचारते, मावशी, किती वर्षं करणार? तर हवामानाची सरासरी म्हणायची तर ३० वर्षांची धरतात, सध्या १९९१ ते २०२० ची चालू आहे. तेव्हा ३० झाल्याशिवाय 'आमच्याकडे साधारण एवढा पडतो' असं म्हणायचा मला अधिकार नाही असं मी ठरवलंय. तोवर सत्तरी उलटलेली असेल माझी, आणि विहिरीपलीकडे ओल्या चिऱ्यांवरून जायला गुडघे काय म्हणतील कोण जाणे. मापक पायरीजवळ आणावा असं नवऱ्याचं म्हणणं. पण पायरीजवळ पागोळ्या गळतात, तिथला पाऊस कसा धरणार.