भांडं

"सिस्टर, मला टीबी झालाय." कॅज्युअल्टीत शिरता शिरता, खोकल्याच्या दोन उबळींमध्ये आजींनी सांगून टाकलं. तोंडावर एकावर एक दोन मास्क, डोळे लालभडक, छातीत घरघर. मागे भाची, तिच्या हातात एक जाड वही.

बोटाला लावलेलं यंत्र रक्तातला ऑक्सिजन 91 टक्के दाखवत होतं. पण माझं लक्ष गेलं वासाकडे. पोहण्याच्या तलावाला येतो तसला, फक्त कितीतरी उग्र, कपड्यांतून येणारा.

"खोकला कधीपासून?"

"अर्धा तास."

टीबीचा खोकला असा अर्ध्या तासात उभा राहत नाही. दोन आठवडे हटला नाही की आम्ही थुंकी तपासायला पाठवतो. मी विचारलं, "बाथरूम कशानं धुतलं?"

"ब्लीचनं," भाची म्हणाली. आजी खाली बघत पुटपुटल्या, "त्यात ते संडास धुवायचं पण ओतलं. दोन्ही मिळून जास्त जंतू मरतील म्हणून."

संडास धुवायच्या त्या बाटलीत ॲसिड होतं. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. आणि बाहेरून जंतू येऊ नयेत म्हणून खिडकी बंद!

कपडे बदलले, डोळे भरपूर पाण्यानं धुतले, ऑक्सिजन लावला, नेब्युलायझर दिला. फुप्फुसांत पाणी साठायचं असेल तर ते काही तासांनीही साठतं, म्हणून डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतलं.

मग सुरू झाली खरी रात्र. "टीबी नाही ना?" नाही, आजी. दहा मिनिटांनी पुन्हा. चौथ्यांदा "काही झालेलं नाही हो" म्हणताना माझा सूर हुबेहूब भाचीसारखा लागला. तिनं सांगितलं होतंच, इमारतीत एकाला टीबी निघाल्यापासून ती दिवसभर हेच म्हणतेय. धीर दिला की पाच मिनिटं बरं वाटतं, मग प्रश्न परत, पहिल्यापेक्षा घाईनं.

वही उघडली. ताप, ऑक्सिजन, हात किती वेळा धुतले. एका दिवसात 23 नोंदी. एका 88 भोवती लाल गोल. गार पाण्यात हात धुतल्याबरोबर मोजलं होतं. बोटं गार असली की यंत्र चुकीचा, बहुधा कमी आकडा दाखवतं. हातांची कातडी तर इतकी फाटलेली, की जंतूंना आत शिरायला वाट त्यांनीच करून दिली होती.

पाचव्यांदा विचारलं तेव्हा मी उत्तर दिलंच नाही. म्हटलं, "फार भीती वाटतेय ना?"

बराच वेळ नुसता ऑक्सिजनचा आवाज. मग म्हणाल्या, "आईला होता. तिचं ताट-भांडं वेगळं असायचं. एकदा तिच्या भांड्यातलं पाणी चोरून प्यायले. कुणाला सांगितलं नाही."

भाचीनं मान वर केली. तिलाही नवीन होतं हे.

टीबी भांड्यातून पसरत नाही, हवेतून पसरतो. मी तेवढंच सांगून गप्प बसू शकले असते. पण ते अर्धंच खरं झालं असतं. म्हणून म्हटलं, आईजवळ एका घरात राहून तेव्हा लागण झालीही असेल. पण लागण झालेल्यांपैकी बहुतेकांना आजार कधीच होत नाही. आजींनी हे "काही झालेलं नाही"पेक्षा शांतपणे ऐकलं. याचं मला अजून नवल वाटतं.

पहाटे भाचीशी बोलले. यंत्र तुझ्या कपाटात. सकाळी एकदा, किंवा खरंच धाप लागली तर. हाताला साबण, 20 सेकंद, बस. खिडक्या उघड्या, कारण टीबीच्या बाबतीत खेळती हवा खरोखर उपयोगी. प्रश्नाचं उत्तर एकदाच. आणि समुपदेशकाची चिठ्ठी. ती आजींना दाखवून, लपवून नाही.

निघताना आजी वळल्या. "ते संडासाचं एकटं वापरलं तर चालतं ना?"

"चालतं. खिडकी उघडी ठेवून."

दारात पुन्हा थांबल्या. "नक्की चालतं ना?"

मी भाचीकडे पाहिलं. तिनं वही काखेत मारली. "मावशी, सांगितलंय त्यांनी. चल, गाडी थांबलीय."