रीडिंग नव्हे, रेडिंग

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: आमच्या गावाचा वाचनाशी काडीचाही संबंध नाही. इंग्रजी स्पेलिंग तेच, पण उच्चार ‘रेडिंग’. भारतातून फोन आला की मावशीपासून बँकेतल्या माणसापर्यंत सगळे ‘रीडिंग’ म्हणतात आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो, “असं कसं नाव पडलं? मोठं ग्रंथालय वगैरे आहे का तिथे?” ग्रंथालय आहे, विद्यापीठही आहे, पण नाव त्या दोघांच्या कितीतरी आधीचं.

लंडनच्या पश्चिमेला साठ-पासष्ट किलोमीटरवर केनेट नदी थेम्सला मिळते, तिथे हे गाव आहे. रोमन लोक इंग्लंड सोडून गेल्यावर समुद्रापलीकडून सॅक्सन टोळ्या आल्या. त्यातल्या एका टोळीचा म्होरक्या रेआडा. मी मुद्दाम ‘रेआडा’ असं लिहिते, कारण मधला ‘आ’ गाळला तर आपले वाचक त्याच्याकडून वेद वदवून घेतील. रेआडाच्या माणसांना म्हणायचे रेआडिंगास, आणि ती माणसं जिथे राहिली ते रेडिंग. शिंद्यांची वस्ती ती शिंदेवाडी, तसंच. हा रेआडा कसा होता, किती जगला, याची कुठेच नोंद नाही. त्याच्या नावाचा अर्थ ‘तांबडा’ असावा, म्हणजे केस किंवा दाढी तांबूस असणार. नावाचा संबंध नदी पायी ओलांडायच्या उताराशी जोडणारी एक जुनी कथाही सांगतात, पण स्थलनामांचे अभ्यासक रेआडाच्याच बाजूचे आहेत, आणि मीही.

आसपासची नावं बघितली की हे पटतं. नदीकाठानं थोडं खाली गेलं की सॉनिंग, म्हणजे सुन्नाची माणसं. दुसऱ्या बाजूला वोकिंगहॅम, म्हणजे वोक्कच्या माणसांचं गाव. एकमेकांना खेटून राहणारे हे म्होरके बांधावरून भांडत असतील की सोयरीक जमवत असतील, कोण जाणे. माझी बस मात्र रोज एकाच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत जाते.

लेखी इतिहासात गाव ठळकपणे येतं ते 871 साली. डेन लोकांच्या, म्हणजे डेन्मार्ककडच्या व्हायकिंगांच्या, फौजेनं इथे दोन नद्यांच्या बेचक्यात तळ ठोकला, राजा एथेलरेड आणि त्याचा धाकटा भाऊ आल्फ्रेड चालून आले आणि सपाटून हरले. पुढे 1121 साली पहिल्या हेन्री राजानं मोठा मठ बांधला आणि मेल्यावर तो इथेच पुरला गेला. आता मठाचे बहुतेक भग्न दगडी अवशेषच उरलेत. शेजारी जुना तुरुंग आहे, आता बंद पडलेला. त्यात लेखक ऑस्कर वाइल्डनं शिक्षा भोगली.

पण इथल्या जुन्या माणसाला गावाची ओळख विचारा, तो राजाबिजा सांगत बसणार नाही. तो बिस्किटं सांगेल. 1822 साली जोसेफ हंटलीनं लंडन स्ट्रीटवर छोटीशी बेकरी काढली. लंडनहून बाथला जाणाऱ्या घोडागाड्या इथे थांबायच्या आणि पोरं उतारूंना टोपलीतून बिस्किटं विकायची. वाटेत ती मोडायची, म्हणून ती पत्र्याच्या डब्यात घालायची कल्पना निघाली, आणि डबे करायला हंटलीचाच धाकटा मुलगा होता, त्याचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. 1841 मध्ये जॉर्ज पामर भागीदार झाला, नेमकी त्याच सुमारास रेल्वे आली, आणि हंटली अँड पामर्सचे डबे जगभर गेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाच हजारांवर माणसं त्या कारखान्यात होती. इथल्या फुटबॉल संघालासुद्धा लोक ‘बिस्किटमेन’ म्हणायचे.

बिस्किटाबरोबर आणखी दोन धंदे: सायमंड्सची बिअर आणि सटनची फुलझाडांची बियाणं नि कंद. बिस्किट, बिअर आणि बल्ब (कंद), तिन्हींची इंग्रजी नावं ‘बी’ या अक्षरानं सुरू होतात म्हणून ‘थ्री बी’ज’, म्हणजे तीन ‘बी’. 1970 च्या दशकात बिस्किटं गेली, बियाणंही गेलं. फुटबॉल संघाचं टोपणनाव बदलून ‘रॉयल्स’ केलं, कारण आमची काउंटी (म्हणजे जिल्हा) बर्कशायर म्हणे राजघराण्याची. मला हे नाव अगदी बेचव वाटतं. बिस्किटमेन म्हटल्यावर समोर चेहरे उभे राहतात. रॉयल्स कुठलेही असू शकतात, आपल्याकडे आयपीएलमध्येसुद्धा आहेत.

बिअरच्या कारखान्याच्या जागी आता ‘द ओरॅकल’ नावाचं मोठं खरेदी केंद्र आहे. आयटीत काम करणारा प्रत्येक नवा माणूस समजतो की ते सॉफ्टवेअर कंपनीचं नाव, कारण त्या कंपनीची इमारतही याच गावात आहे. खरं तर सतराव्या शतकात केंड्रिक नावाच्या कापड व्यापाऱ्यानं मृत्युपत्रात ठेवलेल्या पैशातून गरिबांना काम देणारी एक कार्यशाळा उभी राहिली, तिला ओरॅकल म्हणायचे. नावावरून फसायची इथे सोयच आहे.

आता फॉरबरी बागेतल्या सिंहाबद्दल. सोळा टनांचा, एकतीस फूट लांब, ओतीव लोखंडाचा. तो घडवला जॉर्ज ब्लॅकॉल सायमंड्सनं, त्याच बिअरवाल्या घराण्यातला. सिंहाचे पाय चुकीचे पडलेत हे कळल्यावर शिल्पकारानं जीव दिला, अशी दंतकथा तुम्हाला इथे कुणीही ऐकवेल. साफ खोटी आहे. तो 1929 पर्यंत जगला. सिंह आहे मैवंदच्या लढाईचं स्मारक. 27 जुलै 1880 ला कंदाहारजवळ अफगाण सेनापती अयूब खानानं इंग्रजांच्या फौजेचा धुव्वा उडवला, त्यात बर्कशायरची 66 वी पलटण कापली गेली. त्या मोहिमेत मेलेले 11 अधिकारी आणि 318 शिपाई यांच्यासाठी हा सिंह.

पाहुणे आले की मी त्यांना आधी तिथेच नेते, कारण त्या दिवशी बर्कशायरवाले एकटे नव्हते. मुंबई लष्कराची पहिली ग्रेनेडियर्स होती, तिसावी जेकब्ज रायफल्स होती, तिसरं मुंबई घोडदळ होतं, आणि मुंबई सॅपर्सची, म्हणजे लष्करी अभियंत्यांची, एक तुकडी होती. या सॅपर्सचं घर म्हणजे आपली खडकी. त्यांची नावं या चौथऱ्यावर नाहीत. स्मारक बर्कशायरच्या पलटणीचं आहे, पैसे इथल्या लोकांनी दिले, त्यामुळे तक्रार करायला जागा नाही. तरीही खडकीहून आलेल्या माझ्या मामांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी चौथऱ्याला एक फेरी मारली, सगळी नावं वाचली आणि म्हणाले, “बरं, आपल्यांची यादी कुठे लावलीय?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

राहिला तुमचा दुसरा नेहमीचा प्रश्न, हे शहर की गाव? पावणेदोन लाखांच्या आसपास वस्ती, इंग्लंडातल्या अतिशय गजबजलेल्या स्टेशनांपैकी एक, तरी कागदोपत्री हे ‘टाऊन’च. ‘सिटी’ हा मान राजाकडून मिळतो. रेडिंगनं तो 2000, 2002, 2012 आणि 2022 असा चार वेळा मागितला आणि चारही वेळा नकार आला. बारा हजार वस्तीचं वेल्स नावाचं इंग्लंडातलं गाव (वेल्स देश नव्हे) मात्र सिटी आहे, कारण तिथे कॅथीड्रल आहे आणि मान फार जुना आहे. इथल्या लोकांना याचं फारसं दुःख झालेलं मी पाहिलं नाही. त्यांची चुरस निराळीच. नदीपलीकडचं कॅव्हरशॅम 1911 पर्यंत ऑक्सफर्डशायरमध्ये होतं, आणि तिथली मंडळी आजही कुठे राहता विचारलं तर रेडिंग म्हणत नाहीत, कॅव्हरशॅमच म्हणतात. घरांच्या किमतीही त्याच तोऱ्यात असतात.

तेव्हा पुढच्या वेळी राखीचं पाकीट पाठवताना पत्त्यावर ‘रीडिंग, लंडन’ लिहू नका. पिनकोडमुळे ते पोचतं, पण आमचा पोस्टमन इथलाच जन्मलेला आहे आणि तो ‘लंडन’ पेनानं खोडून मग पाकीट देतो.