आमदारांकडे जायचे तर ऑक्टोबरात जा

हिवाळी अधिवेशन नागपुरात भरते म्हणून इथल्या ग्रंथालयवाल्यांना वाटते, विधिमंडळ आपल्या दारात आले. मग डिसेंबरच्या थंडीत आमदार निवासावर गर्दी करायची, पाच पानी निवेदन आणि पुष्पगुच्छ द्यायचा, फोटो काढायचा. त्या निवेदनाचे पुढे फारसे काही होत नाही, आणि त्यात आमदारांचा दोष नेहमीच असतो असे नाही. तारांकित, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या, प्रश्नांच्या सूचना अधिवेशन सुरू होण्याच्या बऱ्याच आधी विधिमंडळ सचिवालयात पोचलेल्या असतात. आपण गाठतो तेव्हा त्यांच्या हातात सभागृहातली निम्मी साधने उरलेली नसतात.

म्हणून भेट दिवाळीच्या आगेमागे, मतदारसंघातल्या कार्यालयात घ्यावी. नागपूर जिल्ह्यात विधानसभेचे 12 मतदारसंघ आहेत. शहरातल्या दोन-तीन परिचित आमदारांकडेच सगळे धावतात आणि काटोल, उमरेड, रामटेक, सावनेर राहून जातात. वास्तविक गावातले वाचनालय तिथल्या आमदाराला जास्त जवळचे असते, कारण ते चालवणारी माणसे गावात बोलती असतात. विधान परिषदही विसरू नका. तिथल्या 78 सदस्यांत 7 पदवीधर आणि 7 शिक्षक मतदारसंघांतून येतात. या दोन्ही प्रकारच्या सदस्यांचे मतदारच वाचणारे, त्यामुळे आपला विषय त्यांना समजावून सांगावा लागत नाही.

आता कागद. एक पान, एक मागणी. ‘ग्रंथालयांचे प्रश्न सोडवा’ ही मागणी नव्हे. अनुदान, वेतनश्रेणी, वर्गवाढ (ग्रंथालयाला वरचा वर्ग मिळणे), इमारत, नवीन मान्यता हे सगळे एका निवेदनात कोंबले की स्वीय सहायक त्यावर ‘मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण यांच्याकडे योग्य त्या कार्यवाहीसाठी’ असे पत्र जोडतो आणि फाइल मोकळी करतो. एकच मुद्दा असेल तर त्याला काहीतरी करावे लागते.

आकडा असा द्या की तो आमदाराच्या तोंडी बसेल. 2022 मध्ये राज्य सरकारने शासनमान्य ग्रंथालयांच्या अनुदानात 60 टक्के वाढ केली. ‘ड’ या सर्वात खालच्या वर्गातल्या ग्रंथालयाचे वार्षिक 30 हजार त्यामुळे 48 हजार झाले. टक्केवारी ऐकणाऱ्याला वाटते, यांचे भले झाले. पण 48 हजार भागिले 12 म्हणजे महिन्याला 4 हजार. सगळी रक्कम पगारात घातली तरी ग्रंथपालाच्या हातात तेवढेच येणार, आणि पुस्तके, वर्तमानपत्रे, वीजबिल अजून बाकीच. हे एक वाक्य पाच पानांपेक्षा जास्त काम करते. त्याखाली आपल्या वाचनालयाची माहिती चार ओळींत द्यावी: सभासद किती, रोज किती पुस्तकांची देवघेव होते, स्पर्धा परीक्षेची किती मुले अभ्यासिकेत बसतात, अनुदानाचा मागचा हप्ता कोणत्या तारखेला जमा झाला. आकडे देवघेव नोंदवहीतून आणि लेखापरीक्षण अहवालातूनच घ्या. फुगवलेला आकडा जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयातल्या वार्षिक अहवालाशी जुळला नाही, तर आमदार सभागृहात तोंडघशी पडतो आणि पुन्हा आपल्याला दारात उभे करत नाही.

प्रश्नाचा मसुदा आपणच तयार करून द्यावा, कार्यालयाला ते हवेच असते. सभागृहातली भाषा ठरलेली आहे. ‘(1) नागपूर जिल्ह्यातील शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयांना चालू वर्षाचा अनुदानाचा पहिला हप्ता ऑक्टोबरअखेर मिळालेला नाही, हे खरे आहे काय? (2) असल्यास, अशा ग्रंथालयांची वर्गनिहाय संख्या किती? (3) हप्ता वितरित करण्याबाबत कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? (4) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ सगळा भार पहिल्या भागावर असतो. त्यात तारीख किंवा रक्कम चुकली की ‘हे खरे नाही’ असे उत्तर येते आणि उरलेल्या भागांपुढे ‘प्रश्न उद्भवत नाही’. विषय तिथेच संपतो. खात्री नसेल तर सप्टेंबरातच माहिती अधिकाराचा अर्ज टाका. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस.

कोणत्या विषयाला कोणते आयुध, हेही आपल्याला ठाऊक हवे. हप्ता रखडला, ग्रंथपालांचे पगार थांबले, तर ती लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या बाबीकडे मंत्र्याचे लक्ष वेधणारी सूचना, विधानसभेत नियम 105 खाली. ती अधिवेशन चालू असतानाही देता येते, पण बाब तातडीची हवी. वर्षानुवर्षे अडलेली वर्गवाढ लक्षवेधीत टिकत नाही, तिच्यासाठी तारांकित प्रश्न. क्रम न लागल्याने तोंडी उत्तर झाले नाही तरी छापील उत्तर पटलावर येते आणि तो कागद कायमचा आपला. औचित्याचा मुद्दा मांडायला सोपा, पण मंत्र्याने तिथल्या तिथे उत्तर द्यायचे बंधन नसते. बातमी छापून येते, एवढाच त्याचा उपयोग.

पैशांच्या बाबतीत नागपूर अधिवेशनाकडून भलत्या अपेक्षा ठेवू नयेत. इथे पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरचे जादा खर्च, मंजूर होतात, आणि त्यांची यादी वित्त विभागाने आधीच पक्की केलेली असते. खरा अर्थसंकल्प मार्चमध्ये, मुंबईत. ग्रंथालयांची तरतूद मुख्य लेखाशीर्ष (सरकारी हिशेबातले खाते) 2205, कला व संस्कृती, याखाली असते. ‘लेखाशीर्ष 2205 खालील सार्वजनिक ग्रंथालयांची तरतूद वाढवावी’ एवढे नेमके लिहिलेत तर अर्थसंकल्पी अधिवेशनात कपात सूचना (नाममात्र रक्कम कमी करा म्हणत विषय चर्चेला आणायची सूचना) देणे आमदाराला सोपे जाते. सोबत 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाची एक गोष्ट सांगा: या कायद्यात ग्रंथालय कर नाही. तमिळनाडू, कर्नाटकात तो आहे. आपल्याकडे ग्रंथालय निधीत सरकारने दरवर्षी किमान 25 लाख रुपये द्यावेत, एवढेच बंधन आहे. राज्यातली ग्रंथालये सुमारे 11 हजार. हा भागाकार आमदारालाच करू द्या.

आमदार निधीचा मार्ग वेगळा, आणि इमारत किंवा अभ्यासिकेसाठी तोच जवळचा. प्रत्येक आमदाराला वर्षाला 5 कोटी मिळतात. शिफारसपत्र आमदाराचे, प्रशासकीय मान्यता जिल्हाधिकाऱ्यांची. पत्र मिळाले की आपले काम झाले असे समजून लोक घरी बसतात. जागेची कागदपत्रे आणि अंदाजपत्रक जिल्हा नियोजन कार्यालयात पोचवून, काम नियमात बसते का हे तिथेच विचारून घ्या. पगार मात्र या निधीतून होत नाही, तो विषय इथे काढूच नका.

सही कोणाची, यावरही गाडी अडते. अनुदानित वाचनालयाचा ग्रंथपाल हा संस्थेचा नोकर, तेव्हा निवेदनावर अध्यक्ष-सचिवांची सही आणि संस्थेचा जावक क्रमांक असावा. शासकीय ग्रंथालयातल्या कर्मचाऱ्यांना 1979 चे महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम लागू आहेत. स्वतःच्या सेवेच्या प्रश्नासाठी राजकीय वजन वापरणे त्यांना महागात पडू शकते, म्हणून त्यांना पुढे करू नये. जिल्हा ग्रंथालय संघाच्या पत्रावर सगळ्यांची एकच मागणी गेली तर उत्तम. दोन संघटनांनी दोन वेगळे आकडे दिले की मंत्रालयाला ‘एकवाक्यता नाही’ म्हणायला निमित्त मिळते.

यशवंत स्टेडियमवर धरणे धरायचे असेल तर जरूर धरा, पण शिष्टमंडळ मंत्र्यांकडे जाईल तेव्हा तेच एक पान हाती असू द्या. मंत्र्याने सभागृहात ‘तीन महिन्यांत निर्णय घेऊ’ असे म्हटले, तर कार्यवृत्तातला तो उतारा मिळवा. अशा वचनांचा पाठपुरावा विधिमंडळाची आश्वासन समिती करते. मुदत उलटली की उताऱ्याची प्रत जोडून समितीच्या नावे पत्र पाठवा, आणि एक प्रत प्रश्न विचारणाऱ्या आमदाराच्या कार्यालयात देऊन तिची पोच घ्या.