बादलीभर पाण्याला किती युनिट? सांगलीत आणि लंडनमध्ये

थंडी पडली की सांगली-साताऱ्याकडून हमखास विचारणा होते: कमी वॅटचा गीझर घेतला तर बिल कमी येईल का? नाही येणार. वॅटवर फक्त वेळ ठरतो. युनिट ठरतात पाणी किती आणि किती अंशांनी तापवायचं यावर. लिटर गुणिले वाढवायचे अंश, भागिले 860, की युनिट आले. एक लिटर पाणी एक अंशाने तापायला 4.186 किलोज्यूल लागतात आणि एका युनिटात असतात 3600. तिथून हे 860 निघाले.

सांगलीत डिसेंबरात टाकीतलं पाणी 20 अंश धरा. 18 लिटरची बादली 42 अंशांवर न्यायला 0.46 युनिट लागतं. महाबळेश्वरला पाणी 14 अंशांवर असेल तर 0.59. लंडनला जानेवारीत नळाला 8 अंशांचं पाणी येतं असं धरलं, तर 0.71. पण खरी उधळपट्टी शॉवरची! मिनिटाला 8 लिटर, आठ मिनिटं, म्हणजे इकडे लंडनला अडीच युनिट. बादली-तांब्या सोडू नका.

इथल्या इलेक्ट्रिक शॉवरला साठवणीची टाकी नसते. 9.5 किलोवॅटचा असूनही 34 अंश वाढवताना तो मिनिटाला चारच लिटर देतो. आपल्याकडच्या 3 किलोवॅटच्या इन्स्टंट गीझरचं तेच: 22 अंशांसाठी मिनिटाला जेमतेम दोन लिटर. नळ पूर्ण सोडून ‘गीझर बिघडलाय’ म्हणू नका, धार बारीक करा.

15 लिटरचा, 2 किलोवॅटचा गीझर 20 वरून 60 अंशांवर जायला 21 मिनिटं घेतो, 0.7 युनिट खातो. व्होल्टेज 230 वरून 200 वर उतरलं, आणि गावाकडे ते उतरतंच, तर ताकद दीड किलोवॅटवर येते. वेळ 28 मिनिटं, युनिट मात्र तेवढेच. हा गीझर पावणेनऊ अँपिअर ओढतो, तेव्हा 6 अँपिअरच्या सॉकेटला लावू नका, पिन वितळते.

लंडनचं पाणी जड, आपल्या बोअरचंही बहुतेक जडच. कॉइलवर क्षार साचले की बिल वाढतं म्हणतात, ते फारसं खरं नाही. कॉइल पाण्यात बुडालेली असते, उष्णता जाणार पाण्यातच. पण क्षारांच्या गोधडीखाली कॉइल स्वतः नको इतकी तापते आणि जळते. वर्षातून एकदा वीज बंद करून, टाकी रिकामी करून कॉइल काढून घ्या आणि लिंबूसत्वाच्या पाण्यात भिजवा. त्याच वेळी टाकीऐवजी स्वतः झिजणारा मॅग्नेशियमचा रॉड बघा. झिजून त्याच्या आतली तार उघडी पडली असेल तर लगेच बदला, नाहीतर पुढे टाकी गंजते.