वर की बाजूला?

दिवाळी सरली की आमच्या तलाठी सज्जातली अर्धी गावं ऊसतोडीला निघून जातात. बीडच्या डोंगरपट्ट्यात तलाठी म्हणून माझं हे सहावं वर्ष. या दिवसांत कार्यालयात चिटपाखरू नसतं. त्या सकाळी मात्र दारात बिऱ्हाडांनी भरलेला ट्रक उभा, आणि पायरीवर मुकादम घाम पुसत बसलेला.

"बाई, लवकर करा, टोळी खोळंबलीय."

"हिचं नाव सातबाऱ्याला लावा," त्याच्या मागून एकजण बायकोकडे हात करून म्हणाला. "त्याबिगर कोयता धरत न्हाई म्हणती."

नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, नवऱ्याच्या हातात पडते, पण बायको बसून राहिली की तो अर्धा कोयता, आणि घेतलेली उचल फिटायची कशी? हिनं नेमका ट्रक भरायच्या दिवशी पाय रोवला होता. मुकादमालाच वकील करून आणलं म्हणा ना!

कारण घरातलंच. थोरला दीर वारला, तेव्हा वारसनोंदीत पोरं वर भोगवटादार, म्हणजे मालक, झाली आणि जावेचं नाव गेलं बाजूच्या 'इतर अधिकारा'त. सोसायटीनं तिला पीककर्ज दिलं नाही. अशा नोंदी जुन्या दप्तरात ढिगानं सापडतात, आमच्याच खात्याच्या हातच्या.

"माझं बाजूला नको," ती म्हणाली. "वर पायजे."

नवऱ्यानं नुसता अर्ज दिला तरी त्याच्या हिश्शात बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. या लक्ष्मीमुक्ती योजनेचं परिपत्रक १९९२ चं आहे. माझ्याकडे आलेले असे अर्ज बोटांवर मोजावेत इतके.

अर्ज लिहून घेतला, जबाब घेतले, नोंद बदलण्याचा फेरफार धरला.

"झालं?"

"नोटिशीचे १५ दिवस जाऊ द्यावे लागतात. मग मंडळ अधिकारी मंजूर करतील."

मुकादमानं कपाळाला हात लावला. ती जरा वेळ गप्प उभी राहिली.

"मग नंबर द्या."

फेरफार क्रमांक चिठ्ठीवर लिहून दिला. वाचता येत नव्हतं, तरी दोनदा उलटसुलट करून बघितला, घडी घालून झंपरात खोचला आणि ट्रकवर चढली. नवरा मागून.

तिसऱ्या आठवड्यात फडावरून फोन आला. मी नंबर बघून सांगितलं, मंजूर झालंय.

"ते झालं. वर की बाजूला?"

"वर. तुझ्या मालकांच्या नावाखाली."

पलीकडं ती कुणाला तरी ओरडून म्हणाली, "वर हाय म्हणं!" आणि फोन तसाच चालू राहिला.